झाडीच्या जमिनीवर प्लॉटिंग: 'एनए ऑर्डर आहे' म्हणजे जंगलाचा प्रश्न मिटला का?

'गर्द झाडी, मागे डोंगर, पावसाळ्यात धबधबा. कलेक्टर एनए, स्वतंत्र सातबारा, लोन उपलब्ध.' मुळशी, मावळ, कर्जत, मुरबाड, वाई, दापोली, यातलं कुठलंही नाव टाकून इन्स्टावर शोधलं तर ड्रोनने शूट केलेली अशी रील दोन मिनिटांत सापडते. खाली कमेंटमध्ये दोन गट ठरलेले. एक 'प्राइस प्लीज' लिहिणारा आणि दुसरा 'अरे, जंगल तोडून प्लॉट विकताय' म्हणणारा. दुसऱ्या गटाला रीलवाल्याचं उत्तरही ठरलेलं असतं : 'सर, एनए ऑर्डर आहे.'

हे उत्तर बहुतेक वेळा खोटं नसतं. फक्त ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर असतं. एनए, म्हणजे अकृषिक परवानगी, एवढंच सांगते की या जमिनीचा वापर शेतीऐवजी घरांसाठी करता येईल. ही जमीन कायद्याने जंगल आहे का, तिच्यावरची झाडं तोडता येतील का, आणि ज्या उतारावर प्लॉट आखले तो उतार तसा आखण्याजोगा आहे का, हे तीन प्रश्न त्या कागदात सुटलेले नसतात. ते वेगवेगळ्या कायद्यांत आणि वेगवेगळ्या ऑफिसांत पडून असतात. कधीकधी वीस-पंचवीस वर्षं.

परवानगी होती, तरी घरं पाडायचा आदेश आला

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण हरियाणातलं आहे. दिल्लीला लागून असलेल्या फरिदाबादजवळ अरवलीच्या टेकड्यांत, अनंगपूर गावच्या जमिनीवर 'कांत एन्क्लेव्ह' नावाची वसाहत उभी राहिली. प्लॉट पाडले गेले, विकले गेले, त्यावर बंगले झाले. नगररचना विभागाच्या परवानग्या होत्या.

अडचण एकच होती. १८ ऑगस्ट १९९२ ला पंजाब भूमी संरक्षण कायदा, १९०० खाली या जमिनीवर झाडतोड आणि खोदकामाला बंदी घालणारी अधिसूचना निघाली होती. म्हणजे वनखातं सांगत होतं की ही वनजमीन आहे आणि त्याच सरकारचा नगररचना विभाग वसाहतीचे कागद पुढे सरकवत होता. दोन खाती, एक सरकार, एकच डोंगर.

११ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. अधिसूचनेनंतर झालेली बांधकामं बेकायदा ठरली आणि ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत ती पाडायला सांगितली. ज्यांनी जमिनीत पैसे गुंतवले त्यांना ते १८ टक्के व्याजाने परत करायचे आणि ज्यांनी घरं बांधली त्यांना बांधकामापोटी ५० लाख रुपये द्यायचे, असाही आदेश झाला. ही भरपाई कंपनी आणि नगररचना विभाग या दोघांनी मिळून द्यायची होती. परवानगी देणाऱ्या खात्यालाही कोर्टाने मोकळं सोडलं नाही, हे या निकालातलं लक्षात ठेवण्यासारखं.

पण भरपाई मिळाली तरी घर गेलं. आणि अरवलीचा तो तुकडा पूर्वीसारखा होणार नव्हता, तो वेगळाच.

प्लॉटिंगची फाइल तपासतात म्हणजे काय करतात?

मोठ्या जमिनीचे रस्त्यांसह छोटे प्लॉट पाडायच्या आराखड्याला सरकारी मराठीत 'रेखांकन' म्हणतात. आपण सगळे त्याला लेआउट म्हणतो. महाराष्ट्रात महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६, म्हणजे एमआरटीपी कायदा, यानुसार जमिनीचे प्लॉट पाडणं हाच 'विकास' समजला जातो. म्हणजे एक वीटही न लावता नुसते प्लॉट पाडायचे असले, तरी परवानगी लागते.

मुंबई आणि काही भाग सोडले तर डिसेंबर २०२० पासून राज्यात एकीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. फाइल आली की नगररचना विभाग मुख्यतः काय बघतो? मालकी कोणाची. प्रादेशिक योजनेत किंवा विकास योजनेत जमीन कोणत्या झोनमध्ये. जमिनीपर्यंत रस्ता आहे का, किती रुंद. मोजणीचा नकाशा आणि सातबारावरचं क्षेत्र जुळतं का. आतले रस्ते नियमाच्या रुंदीचे आहेत का. ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी जमीन असेल तर १० टक्के मोकळी जागा सोडली आहे का. नाला असेल तर त्यापासून अंतर राखलंय का.

यादी तशी बरी आहे. पण यात जंगल कुठे आलं? तर, झोनमध्ये आलं किंवा सातबाऱ्यावर तसं लिहिलेलं असेल तर आलं. दोन्हीकडे नसेल तर टेबलावर बसलेल्या माणसासमोर जंगल येतच नाही. त्याच्यासमोर येतो तो एक पांढरा कागद, त्यावर काळ्या रेघांचे चौकोन. साग, ऐन, किंजळ त्या कागदावर नसतात.

मुळात हे जंगल आहे का?

सगळ्यात गुंतागुंतीचा प्रश्न हाच. डोळ्यांना जे दिसतं ते आणि कागदावर जे असतं ते, यांचा इथे फारसा संबंध नसतो. दाट झाडीची जमीन सातबाऱ्यावर 'पडीक' किंवा 'पोटखराबा' म्हणून असू शकते आणि एकही झाड नसलेला माळ राखीव वन असू शकतो.

१२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टाने टी. एन. गोदावर्मन खटल्यात एक आदेश दिला आणि हा सगळा विषय बदलला. तामिळनाडूतल्या नीलगिरी भागातल्या झाडतोडीवरून सुरू झालेलं हे प्रकरण. कोर्ट म्हणालं की 'वन' या शब्दाचा अर्थ शब्दकोशात आहे तोच घ्यायचा. आणि सरकारी नोंदीत वन म्हणून लिहिलेली कोणतीही जमीन, मालक कोणीही असो, वन कायद्याखाली येईल. म्हणजे खासगी जमीनही सुटत नाही. एकदा जमीन 'वन' ठरली की वन संवर्धन कायदा, १९८० लागू होतो आणि घरांसाठी ती वापरायची तर केंद्र सरकारची आधी मंजुरी लागते. कलेक्टरांची एनए ऑर्डर तिथे पुरत नाही.

२०२३ मध्ये केंद्राने हा कायदा बदलला. नावही बदललं, आता तो 'वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम' आहे. नव्या व्याख्येत अधिसूचित वनं आणि २५ ऑक्टोबर १९८० किंवा त्यानंतर सरकारी नोंदीत वन म्हणून असलेल्या जमिनी, असं क्षेत्र आखून दिलं. त्यावरून याचिका झाल्या आणि १९ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने अंतरिम आदेश देऊन, राज्यांच्या नोंदी पूर्ण होईपर्यंत १९९६ चीच व्याख्या चालू ठेवायला सांगितलं. त्यामुळे 'कायदा बदलला, आता खासगी झाडी जंगलात मोजत नाहीत' असं कोणी साइट व्हिजिटला छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याने ही तारीख वाचलेली नाही.

महाराष्ट्रात याच्या जोडीला एक खास आपलं प्रकरण आहे : खासगी वनं. ३० ऑगस्ट १९७५ ला महाराष्ट्र खासगी वने (संपादन) कायदा लागू झाला आणि त्या दिवशी जी खासगी वनं होती ती आपोआप सरकारजमा झाली. भारतीय वन कायदा, १९२७ च्या कलम ३५ (३) खाली ज्या जमिनींना नोटिसा निघाल्या होत्या, त्याही यात धरल्या गेल्या. गंमत अशी (ज्यांची घरं अडकली त्यांना ती गंमत वाटली नसणार) की कायदा झाला पण अनेक ठिकाणी सातबारा तसाच राहिला. मालकाचं नाव तेच. पुढे जमिनी विकल्या गेल्या, महापालिकांनी नकाशे मंजूर केले, मुलुंडसह मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात इमारती उभ्या राहिल्या, लोक राहायला आले. आणि मग २००० नंतरच्या दशकात नोंदी दुरुस्त करायला सुरुवात झाली, तेव्हा सोसायटीच्या सातबाऱ्यावर 'वन' उमटलं.

२००८ मध्ये हायकोर्टाचा निकाल सरकारच्या बाजूने लागला. ३० जानेवारी २०१४ ला गोदरेज अँड बॉइस प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. कोर्टाचं म्हणणं असं की नुसती नोटीस काढून भागत नाही, ती मालकाला बजावलेली असली पाहिजे, आणि १९५० च्या दशकातली नोटीस पुढे काहीच न करता पन्नास वर्षांनी उकरून काढता येणार नाही. रहिवाशांना दिलासा मिळाला. पण त्यातून एक नवी जबाबदारीही आली. इतर हक्कांच्या रकान्यात 'खाजगी वन' किंवा 'कलम ३५ (३)' दिसलं, तर त्या एका जमिनीपुरता मागचा सगळा इतिहास तपासावा लागतो. नोटीस बजावली होती का? ताबा कोणी घेतला? त्यामुळे 'सुप्रीम कोर्टाने खासगी वनांचा विषय संपवला' हे एजंटचं वाक्यही अर्धवट आहे.

विदर्भात तिसराच शब्द येतो : झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत महसुली नोंदीत हे नाव असलेली सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. नावात जंगल, पण वर्षानुवर्षं ती इतर कामांना वापरली गेली. २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने या जमिनी वनजमिनीच आहेत, असा निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेल्या वाटपांसाठी मंजुरी घेऊन वापर कायम करण्याची वाट ठेवली. त्यानंतरच्या वाटपांबाबत मात्र कोर्ट कडक होतं.

गोव्यात आणखी वेगळं. तिथे खासगी जमीन वन ठरवायला १९९१ पासून तीन कसोट्या वापरतात : ७५ टक्के झाडं वनातल्या जातींची हवीत, जागा सरकारी वनाला लागून किंवा सुटी असेल तर किमान ५ हेक्टर हवी, आणि झाडांच्या डोक्यांची सावली निदान ४० टक्के जमिनीवर हवी. ही ४० टक्क्यांची अट १० टक्क्यांवर आणावी, ही मागणी सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये फेटाळली. आकडा असला की मोजायला सोपं जातं, हे खरं. पण ज्याला ती जमीन जंगल ठरायला नको आहे, त्यालाही नेमकं किती झाडं विरळ करायची हे कळतं. सावंत समिती आणि करापूरकर समितीने खासगी वनं शोधण्याचं काम १९९० च्या दशकाच्या शेवटी सुरू केलं आणि त्यावरचे वाद नंतर कित्येक वर्षं चालले.

कोंढव्यात काय झालं?

हे सगळं कागदी वाटत असेल तर पुण्याचं कोंढवा बुद्रुक घ्या. सर्व्हे नंबर २१ मधली ११.८९ हेक्टर जमीन. १८७९ पासून राखीव वन. १९९८ मध्ये ती शेतीसाठी म्हणून एका कुटुंबाला दिली गेली. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, ती एका गृहनिर्माण संस्थेला विकायला परवानगी मिळाली. २००७ मध्ये तिथल्या बांधकामाला केंद्राची पर्यावरण मंजुरीही मिळाली.

म्हणजे कागदांची कमतरता नव्हती. वाटपाचा आदेश होता, विक्रीची परवानगी होती, दिल्लीचा शिक्का होता. जमीन १९३४ मध्येच राखीव वनातून वगळली होती, असा दावाही होता. १५ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने तो दावा मान्य केला नाही. वाटप बेकायदा, विक्रीची परवानगी बेकायदा, पर्यावरण मंजुरी रद्द, आणि जमीन तीन महिन्यांत वनखात्याकडे द्या, असा निकाल झाला. राजकारणी, नोकरशहा आणि बिल्डर यांच्या संगनमतातून मोलाची वनजमीन कशी व्यापारी वापराकडे वळते याचं हे नमुनेदार उदाहरण आहे, अशा अर्थाचे शब्द निकालात आहेत. त्याच निकालात देशभरातल्या राज्यांना विशेष पथकं नेमून, महसूल विभागाकडे असलेली कोणती राखीव वनजमीन खासगी हातात गेली हे शोधायला सांगितलं.

म्हणून एक साधी गोष्ट : फक्त आजचा सातबारा बघून काही कळत नाही. फेरफार मागे मागे वाचत जावे लागतात. राज्याच्या 'आपले अभिलेख' पोर्टलवर अनेक जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत, किरकोळ फी भरून मिळतात. 'सरकार', 'वन', 'राखीव' हे शब्द कुठल्या वर्षापर्यंत दिसतात आणि कुठल्या फेरफाराने गायब होतात, ते बघायचं. गायब झाले असतील तर कोणत्या आदेशाने? त्या आदेशाचा नंबर हवा. नुसतं 'वरिष्ठांच्या आदेशाने' नको.

जंगल नाही ठरलं, तरी झाडं आहेतच की

समजा तपासून झालं आणि जमीन वन नाही हे नक्की झालं. आता झाडांचा कायदा. इथे शहर आणि गाव असे दोन वेगळे कायदे आहेत.

महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन कायदा चालतो. झाड तोडायला परवानगी लागते, नोटीस लावून हरकती मागवल्या जातात, वृक्ष प्राधिकरण असतं. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या झाडाला हेरिटेज झाडाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आणली.

पण रीलमधला प्लॉट बहुतेक वेळा ग्रामपंचायतीच्या हद्दीत असतो. तिथे हा कायदा नाही. तिथे १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) कायदा आहे आणि तो फक्त अनुसूचीत नाव असलेल्या झाडांना लागू होतो. साग, हिरडा, ऐन, खैर, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ अशी ती नावं आहेत. बाकी झाडांना या कायद्याचं संरक्षण नाही. उंबर, वड, पांगारा, करंज, कितीही जुना असो.

मग एक हिशोब कोणीच करत नाही. लेआउट मंजूर होताना रस्त्यात येणारी झाडं तेवढी मोजली जातात, तीही मोजली गेली तर. प्लॉट विकले की पुढे प्रत्येक मालक आपल्यापुरता अर्ज करतो. चाळीस प्लॉटवाले, प्रत्येकाची दोन-तीन झाडं. प्रत्येक अर्ज बारीक, परवानगी द्यायला सोपा. एकूण शंभर झाडं गेली हे कुठल्याच एका फाइलमध्ये दिसत नाही.

'एवढा मोठा प्रकल्प, पर्यावरण मंजुरी लागतच असेल ना?' असा प्रश्न येतो. २००६ च्या अधिसूचनेनुसार ती २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला लागते, किंवा ५० हेक्टर आणि त्यावरच्या वसाहतीला. ५० हेक्टर म्हणजे सुमारे १२३ एकर. नुसते प्लॉट विकणाऱ्या दहा-पंधरा एकरांच्या लेआउटमध्ये विकासकाचं बांधकाम जवळपास शून्य असतं. त्यामुळे तो या चाळणीतून अलगद खाली जातो. महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरान हे २००१ आणि २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहेत, तिथे निर्बंध वेगळे आणि कडक. पश्चिम घाटाचा मोठा पट्टा तसा जाहीर करायच्या मसुद्याची सहावी आवृत्ती ३१ जुलै २०२४ ला निघाली. त्यात महाराष्ट्राचं सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे आणि गावांची यादीही आहे. प्लॉट त्या गावात आहे का, हे बघायला पाच मिनिटं लागतात.

नकाशा वाचायचा कसा?

लेआउटचा नकाशा हातात आला की आपण आधी आपला प्लॉट कोपऱ्याचा आहे का ते बघतो. त्याआधी समोच्च रेषा बघा. त्या जिथे दाटीने जवळजवळ आल्या आहेत, तिथे उतार तीव्र. नियमावलीत १:५ किंवा त्याहून जास्त उतार असलेली जमीन विकासाला पात्र नाही. म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर किंवा जास्त चढ. पाय लागतील इतका काही हा भयंकर चढ नाही, म्हणून साइटवर तो कळतही नाही. नकाशावर समोच्च रेषाच नसतील तर त्या का नाहीत, हा पहिला प्रश्न.

मग रस्ता. समजा ९ मीटर रुंदीचा, ३०० मीटर लांबीचा आतला रस्ता आहे. कागदावर २,७०० चौरस मीटर, साधारण २७ गुंठे. पण उतारावर रस्ता करताना वरच्या बाजूला डोंगर कापावा लागतो आणि खालच्या बाजूला भराव टाकावा लागतो. कापलेल्या कडेवरच्या झाडांची मुळं उघडी पडतात, भरावाखालची झाडं बुंध्यापाशी गाडली जातात आणि दोन-तीन वर्षांत वाळतात. त्यांना कोणी 'तोडलेलं' नसतं. रस्ता समोच्च रेषेला धरून वळत गेला तर हे कमी होतं, सरळ चढवला तर वाढतं. प्लॉट चौकोनी यावेत म्हणून तो बऱ्याचदा सरळच चढवतात.

आणि ती १० टक्के मोकळी जागा. दहा एकर म्हणजे साधारण ४०,४६९ चौरस मीटर, त्याचे १० टक्के म्हणजे बरोबर एक एकर. लेआउटमधला एक एकर कायद्यानेच रिकामा राहणार आहे. तो कुठे ठेवायचा हे आखणी करणारा ठरवतो. सगळ्यात दाट झाडीचा तुकडा, ओढ्याचा काठ, एखादी जुनी राई जर त्या एकरात बसवली, तर निदान तेवढं जसंच्या तसं राहू शकतं. विकासकाचा एक रुपयाही जास्त जात नाही. प्रत्यक्षात मोकळी जागा बऱ्याचदा तिथे निघते जिथे प्लॉट नीट बसत नाही, आणि मग तिच्यावर लॉन लावून 'क्लब हाउस गार्डन' असं लिहितात. नवी झाडं लावायचा नियम त्यात पाळला जातोच. गुलमोहर, नाहीतर पाम.

ओढा नकाशावर नसेल तर सातबाऱ्यातला 'पोटखराबा ब' बघा. रस्ते, नाले, ओढे यांच्याखालची जमीन या वर्गात येते. तिथे क्षेत्र आहे आणि नकाशावर ओढा नाही, तर ओढा कुठे गेला हे विचारायलाच हवं. पावसाळ्यातला तो रीलमधला धबधबा कुठूनतरी येतो आणि कुठेतरी जातोच.

आधी जेसीबी, मग फाइल

पाहणीला अधिकारी येण्याआधी जमीन साफ करून ठेवणं ही जुनी युक्ती आहे. पाहणी होते तेव्हा समोर झाडं नसतातच. अहवाल खराच लिहिला जातो : 'जागा मोकळी आहे.'

हैदराबादच्या कांचा गच्चीबावलीत घरं बांधायची नव्हती, पण पद्धत ओळखीची होती. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये सलग सुट्ट्यांच्या दिवसांत मोठ्या प्रमाणावर झाडं पाडली गेली. ३ एप्रिलला सुप्रीम कोर्टाने काम थांबवलं आणि नंतर सुट्ट्यांचा मुहूर्त कशाला साधला, असंही विचारलं.

याला तोड म्हणजे जुनी उपग्रह चित्रं. गुगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं बघता येतात. गट नंबरची हद्द 'भू-नक्शा'वरून काढून ती त्या चित्रांवर ठेवली की पाच वर्षांपूर्वी तिथे काय होतं ते दिसतं. मंजुरीआधी रस्ते कापणं हाही एमआरटीपी कायद्याखाली विनापरवाना विकासच आहे. आणि खोदलेला मुरूम जागेबाहेर नेला असेल तर गौण खनिजाचा परवाना होता का, हे तहसीलदारांना विचारता येतं.

झाडी साफ झाल्याने आणखी कोणाचं तरी नुकसान होतं आणि त्याची चर्चा रीलच्या कमेंटमध्ये कधीच नसते. रायगड-ठाण्याच्या डोंगरांत कातकरी, ठाकर समाजाची सरपणाची, रानभाजीची, गुरांची वाट याच 'पडीक' जमिनींतून जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांना हक्क मागता येतात, पण फक्त वनजमिनीवर. जमीन वन नाही असं ठरलं, की हक्क मागायची जागाच राहत नाही. मग कुंपण आणि गेट.

हरकत कधी घेता येते?

इथे बहुतेकांचा उशीर होतो. एकेका लेआउटसाठी आपल्याकडे जनसुनावणी नसते. हरकती-सूचना मागवतात त्या प्रादेशिक योजना, विकास योजना तयार होताना किंवा त्यात बदल करताना. हरित किंवा शेती झोनची जमीन निवासी करायचा प्रस्ताव आला की वर्तमानपत्रात आणि राजपत्रात सूचना येते. ती बारीक टायपातली सूचना हीच गावाला मिळणारी संधी. तेव्हा कोणी बोललं नाही, तर पुढची मंजुरी ही जवळपास मोजमापाची बाब उरते.

गोव्यात झोन बदलाचाच शॉर्टकट काढला गेला होता. २०२३ मध्ये नगर व ग्रामनियोजन कायद्यात कलम १७ (२) आणून, आराखड्यातल्या 'चुका दुरुस्त' करण्याच्या नावाखाली एकेका प्लॉटचा झोन बदलता येऊ लागला. मार्च २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले.

मंजुरी मिळाल्यावर वाटा कमी आहेत, पण आहेत. माहिती अधिकारात मंजूर नकाशा, स्थळपाहणी अहवाल आणि वनखात्याशी झालेला पत्रव्यवहार मागता येतो, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. वनखात्याचं पत्र फाइलमध्ये नसेल, तर ते मागितलंच नव्हतं हेही एक उत्तर आहे. एमआरटीपी कायद्याच्या कलम ४७ खालचं अपील अर्जदारासाठी आहे, शेजाऱ्यासाठी नाही. दिलेली परवानगी रद्द करायचा अधिकार कलम ५१ मध्ये नियोजन प्राधिकरणाला आहे. वन कायद्याचा भंग असेल तर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या खंडपीठाकडे जाता येतं, पण कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत. राज्याचे झाडांचे कायदे लवादाच्या यादीत नाहीत, त्यामुळे फक्त 'झाडं तोडली' एवढ्यावर तिथे दाद मागणं अवघड जातं.

घेणाऱ्यासाठी रेराचा नंबर महत्त्वाचा आहेच. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचे आणि आठपेक्षा जास्त प्लॉट असलेले प्रकल्प नोंदणीशिवाय विकता किंवा जाहिरात करता येत नाहीत. पण नोंदणी होते ती विकासकाने दिलेल्या कागदांवर. त्या प्रकल्पाच्या पानावर वकिलाचा टायटल रिपोर्ट अपलोड केलेला असतो. तो उघडायचा आणि किती वर्षांचा शोध घेतलाय ते बघायचं. बऱ्याचदा तो ३० वर्षांचा असतो. कोंढव्याच्या जमिनीचा राखीव वनाचा कागद १८७९ चा होता.